रेडिओ, टीव्ही, मोबाइल आणि फॉर्म भरणाऱ्या बाई



बरेच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पुतण्याकडचं लग्न, मग उन्हाळा. आमच्या सोलापूरचा उन्हाळा म्हणजे काय ते बाहेरगावच्या नातेवाइकांना सांगायला नको. असो.

तर परवा धाकटी नात आली ती एक जाडजूड फाइल घेऊन. ती पीएच.डी. करते आहे. विद्यापीठात संशोधक विद्यार्थ्यांची तीन दिवसांची कार्यशाळा आहे, विषय 'तंत्रज्ञान, संवाद आणि समाज'. प्रत्येकाने आपापली प्रश्नावली तिथे सगळ्यांपुढे मांडायची आणि बाकीच्यांनी तिच्यावर तुटून पडायचं, असा एकूण प्रकार. तिचा विषय आहे आपल्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका आणि त्यांचे मोबाइल. म्हणाली, "आजी, तू इतिहासाची बी.ए. ना? मग मला सांग, आपल्याकडे हे असले अभ्यास कधीपासून होतात? दोन पानं पार्श्वभूमी हवी आहे."

दोन पानं! शिक्षिकेला दोन पानांत बसवणं सोपं नसतं. शिवाय या विषयात मी निव्वळ बी.ए. नाही, मी गुन्हेगारही आहे. पण ते पुढे येईल.

मी तिला सुरुवात भोंग्यापासून करायला सांगितलं. तिला वाटलं म्हातारी गंमत करते आहे. माझे वडील मिलमध्ये साचेखात्यात होते. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते पाहुण्यांना दाखवायला. वेळ कळायची ती भोंग्यावर. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला वडील पायात चपला सरकवायचे. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा चारही भाषा नांदत होत्या, आणि एकमेकींचं भांडण कळायलाही दुभाषी लागायचा, पण भोंग्याचं म्हणणं सगळ्यांना एकदम कळायचं. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला आली, १८७७ मध्ये जुनी मिल निघाली, पुढे बाकीच्या मिल आल्या, आणि गावाला हा एक आवाज मिळाला. हजारो माणसांशी एकाच वेळी बोलणारं यंत्र! रेडिओच्या कितीतरी आधी. फक्त त्याला उलट काही सांगायची सोय नव्हती. उशीर झाला तर फाटक बंद. "पोरगी तापाने फणफणली आहे," हे भोंग्याला कसं सांगणार?

नातीने हे लिहून घेतलं, पण तोंड जरा वाकडं करूनच. "संदर्भ काय द्यायचा?" म्हणाली. मी म्हटलं, दे की, 'आजी'.

खरा, तिला हवा तसा अभ्यास आपल्याकडे झाला तो १९५६ मध्ये, आणि तोही मराठी मुलखात. हे पुष्कळांना माहीत नाही. मलाही निवृत्तीनंतर एका जुन्या पुस्तकातून कळलं. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं होतं. युनेस्कोला एक गोष्ट तपासून पाहायची होती. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची मंडळं रेडिओभोवती जमायची, कार्यक्रम ऐकायची आणि मग त्यावर चर्चा करायची. हे गरीब आणि बहुतांशी निरक्षर देशात चालेल का? त्यासाठी निवडली गेली त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ असे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम. एकूण वीस. गावातली पंधरा-वीस माणसं ठरल्या जागी जमायची, ऐकायची, आणि रेडिओ बंद केला की खरं काम सुरू व्हायचं, म्हणजे बोलायचं. काय बोलणं झालं, काय ठरलं, कोणती शंका आहे, हे सगळं एक जण लिहून पुण्याला पाठवायचा, आणि शंकांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून यायची.

आता हा लिहून पाठवणारा कोण असेल? त्या काळात गावात नीट लिहिणारा माणूस म्हणजे बहुधा शाळामास्तरच. तिथेच मी पुस्तक वाचता वाचता थांबले होते.

या प्रयोगामागची माणसंही मोठी गमतीची. आकाशवाणीचे महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर. तेच ते, 'कोणार्क' हे हिंदी नाटक लिहिणारे. नाटककार माणसाला दोन बाजूंनी संवाद लागतो हे वेगळं सांगायला नको (हे आपलं माझं मत). आणि अभ्यासाचं काम टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत केलं पॉल न्यूरॅथ यांनी. हे मूळचे व्हिएन्नाचे. हिटलरच्या लोकांनी १९३८ मध्ये पकडून डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत ठेवलेले. सुटून अमेरिकेला गेले आणि तिथे कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला तो त्या छावण्यांतल्या माणसांच्या समाजावर. त्यांचे वडील ऑटो न्यूरॅथ यांनी साध्या चित्रांतून आकडेवारी समजावण्याची पद्धत काढली. आज नातीच्या मोबाइलवर जी बारकी बारकी चित्रं दिसतात ना, त्यांचे ते एक लांबचे पणजोबा म्हणायला हरकत नाही. असा माणूस आपल्या खेड्यांत जाऊन विचारतो आहे, की बाबांनो, उंदरांचा बंदोबस्त कसा करता? मला हे फार विलक्षण वाटतं. ज्याने फक्त हुकूम ऐकायचे असतात अशा जागी दिवस काढले, त्याने पुढे ऐकणाऱ्यांना बोलतं करण्याचा अभ्यास केला.

अभ्यास त्यांनी पद्धतशीर केला. काही गावं मंडळांची, काही नुसता रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली, आणि काही जिथे रेडिओच नाही अशी. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत माहिती चांगलीच वाढलेली दिसली. पण नुसता रेडिओ असलेल्या गावांत? तिथे अगदी थोडी. म्हणजे रेडिओ तोच, आवाज तोच, पण गप्पा नसतील तर त्या आवाजाचं पाणी वरच्या वर वाहून जातं. माथुर आणि न्यूरॅथ यांचं पुस्तक युनेस्कोने १९५९ मध्ये छापलं. त्याच वर्षी ही योजना देशभर न्यायचं ठरलं, पुढे हजारोंनी मंडळं निघाली, कागदोपत्री वाढत गेली आणि मग हळूहळू मावळली. दीडशे गावांच्या पत्रांना उत्तरं देणं आणि हजारो गावांच्या पत्रांना उत्तरं देणं यांत किती फरक आहे, हे साठ पोरांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला विचारा.

यानंतरची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. १९७५ सालची.

तेव्हा मी नोकरीला नवीन होते, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत. माझी नणंद विजापूर जिल्ह्यात दिलेली. दिवाळीनंतर आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तर गावात एकच विषय, टीव्ही! सोलापुरात आम्ही टीव्ही पाहिला नव्हता. मुंबईला १९७२ मध्ये सुरू झाला होता एवढं ऐकून होतो. आणि इथे, जिथे एस.टी. धड दिवसातून दोनदा यायची, तिथे शाळेच्या व्हरांड्यात टीव्ही! छपराजवळ मोठी तारेच्या जाळीची ताटली, अगदी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. नणंदेचे सासरे म्हणाले, "थेट आभाळातून येतंय."

आणि ते खरंच होतं. अमेरिकेच्या नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह एक वर्षासाठी आपल्याला वापरायला दिला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. कल्पना विक्रम साराभाईंची, पण ते १९७१ च्या डिसेंबरातच गेले, हे पाहायला राहिले नाहीत. सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी. कर्नाटकातले जिल्हे म्हणजे विजापूर, गुलबर्गा, रायचूर, म्हणजे अगदी आमच्या शिवेला लागून. भाषा चार, हिंदी, कानडी, तेलुगू आणि उडिया. मराठी नाही! मला तेव्हा याचा रागच आला होता. भीमेच्या अलीकडे अंधार आणि पलीकडे आभाळातून उजेड.

त्या संध्याकाळी मी व्हरांड्यासमोर जाऊन बसले. पुढे पोरंटोरं, मग बाप्ये, मागे भिंतीकडेला बायका. शेतीचं काहीतरी कानडीत चाललं होतं. मला अर्धंमुर्धं कळत होतं. मग दिल्लीहून सगळ्यांसाठी असलेला हिंदी कार्यक्रम लागला आणि निम्मी माणसं उठून गेली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने पडद्यावरच्या गाईकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. नणंदेने अर्थ सांगितला, "ती म्हणते, ही गाय किती दूध देते ते सांगितलं, खाते किती ते का नाही सांगत?" कोणी सांगणार? आणीबाणीचे दिवस होते ते. एकूणच उलट विचारायची पद्धत नव्हती, मग टीव्हीला कोण विचारतंय!

या प्रयोगाचा अभ्यासही मोठा झाला. इस्रोने समाजशास्त्राचे लोक नेमले होते, काही गावांत तर मानवशास्त्राचे अभ्यासक महिनोन्महिने मुक्काम ठोकून राहिले. सुरुवातीला शेकड्यांनी जमणारी गर्दी नंतर ओसरत गेली हे त्यांनी नोंदवलं. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षणही त्या टीव्हीवरून झालं, जवळजवळ पन्नास हजार शिक्षकांचं. (त्यात आम्ही नाही. आम्ही अलीकडचे!) वर्ष संपलं, उपग्रह परत गेला. १९७७ मध्ये गुलबर्ग्याला जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्र झालं. पण सगळ्याच गावांचं तसं नशीब नव्हतं. नणंदेच्या गावची ती जाळी पुढे खरोखरच कोंबड्यांच्या कामी आली.

आता माझ्या गुन्ह्याची गोष्ट. घरात कोणालाच सांगितली नव्हती, यांनासुद्धा नाही.

१९८४-८५ च्या सुमाराची. एका मोठ्या पाहणीचं काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात पडलं. कोणाची पाहणी, ते जाऊ दे. ग्रामीण भागातल्या बायकांना रेडिओवरच्या आरोग्याच्या आणि शेतीच्या कार्यक्रमांचा कितपत उपयोग होतो, असा विषय. मला पन्नास फॉर्म मिळाले आणि चार दिवस. शाळेत सहामाही परीक्षा चालू, घरात दोन लहान मुलं. फॉर्म इंग्रजीतून मराठीत आणलेला, त्यातलं 'प्रसारित आशयाची उपयुक्तता' हे मलाच दोनदा वाचावं लागलं. आमच्या गावात निम्म्या बायकांच्या घरी कानडी बोलायचे. उत्तरासाठी तीन चौकोन, फार उपयुक्त, उपयुक्त, निरुपयोगी. आपली खूण करायची आणि पुढे जायचं.

पहिल्या दोन दिवसांत मी एकोणचाळीस घरं केली. त्यातलं एक अजून डोळ्यांपुढे आहे. वस्तीवरची एक म्हातारी, शेंगा निवडत बसली होती. तिच्या नातवाकडे ट्रान्झिस्टर होता. मी विचारलं, "आजी, रेडिओवर सांगतात ते समजतं का तुम्हाला?" तिने मान वर केली आणि म्हणाली, "बाई, मला समजलं का ते इचारताव. माझ्या इहिरीला पानी न्हाई, ते त्याला समजलंय का? ते इचारा की आधी."

मी हसले. तीही हसली. मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. आणि मी 'उपयुक्त' वर खूण केली.

दुसरं काय करणार होते? विहिरीसाठी चौकोनच नव्हता. पण एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. तिसऱ्या दिवशी धाकटा तापाने आजारी पडला. राहिलेले अकरा फॉर्म मी रात्री त्याच्या उशाशी बसून भरले. अकरा बायकांची नावं मतदारयादीतून घेतली. वयं अंदाजाने. उत्तरं सगळी एकसारखी येऊ नयेत म्हणून पाळीपाळीने 'फार उपयुक्त' आणि 'उपयुक्त', आणि खरं वाटावं म्हणून दोन ठिकाणी 'निरुपयोगी'. मुलांना कॉपी करू नका म्हणून छड्या मारणारी मी! चौथ्या दिवशी गठ्ठा वेळेत दिला. काम वेळेवर केलं म्हणून शाबासकीसुद्धा मिळाली.

हे मी नातीला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. बराच वेळ पेन तोंडात धरून बसली. मग म्हणाली, "आजी, तो अहवाल निघाला असेल ना? मग तुझे ते अकरा फॉर्म कोणीतरी टक्केवारीत धरले असतील. त्या टक्केवारीवरून कोणीतरी पुढचं काही लिहिलं असेल. आम्ही अजून असले जुने आकडे तळटीपेत देतो."

मी काही बोलले नाही. उठून चहा टाकला.

न्यूरॅथ यांच्या पुस्तकाने मला इतकं अस्वस्थ का केलं ते यावरून लक्षात येईल. तिथे गावाने काय विचारलं याला जागा होती. पुण्याला जाणाऱ्या कागदावर 'आमच्या विहिरीला पाणी नाही' असं लिहिता येत होतं, आणि लिहिणारा मास्तर प्रामाणिक असेल तर ते पोचतही असणार. आमच्या फॉर्मला ती जागाच नव्हती, आणि लिहिणारी बाई प्रामाणिक नव्हती.

नातीला वारणानगरचं मात्र आधीच माहीत होतं. तिथे तिने मलाच शिकवलं. तात्यासाहेब कोरेंनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर-सांगली भागातल्या ७० गावांत संगणक बसवले. तेव्हा पेपरांत रकाने भरभरून आलं होतं, ते मलाही आठवतं. शेतकरी संगणकावर बाजारभाव बघणार, जगाशी जोडला जाणार वगैरे. आणि शेतकरी तिथे येऊन विचारायचा काय? माझ्या उसाचं वजन किती भरलं, तोड कधी येणार, खताचं काय झालं, पैसे कधी जमा होणार. बस. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिलं आणि सात गावांत आठ महिने तेच काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने करून दाखवलं. खर्च कमी, आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं. २००७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. नात म्हणते यात संगणक हरला. मला तसं वाटत नाही. पूर्वी प्रश्न रेडिओवाला निवडायचा, इथे शेतकऱ्याने स्वतःचा प्रश्न आणला होता. तो आपल्याला क्षुल्लक वाटला, एवढंच. आमच्या मिलमध्ये पगाराच्या चिठ्ठीवरचा आकडा नीट वाचून दाखवणारा माणूस वडिलांना देवासारखा वाटायचा.

मग आम्ही दोघींनी तिची प्रश्नावली काढली. बावीस प्रश्न. इंग्रजीतून मराठीत आणलेले. तिला जायचं आहे कुंभारीच्या विडी घरकुलात, जिथे विडी कामगार बायकांसाठी १० हजार घरांची वसाहत झाली, तिथे. त्यातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. तिसरा प्रश्न होता, 'मोबाइलद्वारे प्राप्त होणारी माहिती तुम्हाला कितपत उपयुक्त वाटते?' खाली चौकोन. या वेळी पाच! चाळीस वर्षांत दोन चौकोनांची प्रगती.

मी तिला म्हटलं, त्या बाईच्या मांडीवर सूप असतं, हात कात्री, पान, तंबाखू, सूत यांत अडकलेले. तिला दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या. मोबाइल असतो कुठे? कोणाच्या हातात? तिच्या की पोराच्या? तो वाजला तर ती तंबाखूचे हात पुसून उचलते का? कोणाचा फोन आला तर उचलतेच? हे विचार आधी. आणि शेवटी दोन कोऱ्या ओळी ठेव, तिला तुला काय विचारायचं आहे ते लिहायला.

"कोऱ्या ओळींचं पृथक्करण करता येत नाही म्हणून सर ओरडतील," ती म्हणाली.

"ओरडू देत. मी पन्नास फॉर्मचं पृथक्करण करता येईल असंच भरलं होतं."

तेव्हा कुठे हसली.

प्रश्न तेलुगूत करायचं ठरलं. माझी तेलुगू वर्गातल्या पोरांकडून शिकलेली, म्हणजे तोडकीमोडकी. समोरच्या घरातल्या सूनबाईंना बोलावलं. त्यांचं माहेर साखर पेठेतलं, आई जन्मभर विड्या वळत होती. आम्ही 'माहिती'वरच अडलो. त्या म्हणाल्या, तेलुगूत 'समाचारम्' म्हणतात. मी म्हटलं, अहो, मराठीत समाचार घेतात तो वेगळा! यावर त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "बाई, आमच्या आईकडे फोन यायचा तो तोच समाचार घ्यायला. विड्या कमी का भरल्या म्हणून."

नातीने ते लगेच वहीत लिहून घेतलं. या वेळी संदर्भ काय द्यायचा ते विचारलं नाही.

कार्यशाळा पुढच्या आठवड्यात आहे. त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघी कुंभारीला जाणार आहोत. मी पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची घेऊन ठेवली आहे. फॉर्म ती भरणार. मी फक्त शेजारी बसणार.